क्यूब्स ओएसमध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर: डॉम-झीरोला हात न लावता

मशीनमध्ये एनव्हिडियाचे दणकट ग्राफिक्स कार्ड आहे, क्यूब्स ओएस नीट चालू आहे, आणि तरीही ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधला साधा रेंडर प्रोसेसरवरच रेंगाळतोय. यात बिघाड काही नाही, क्यूब्स मुद्दामच असे वागते. डेस्कटॉप रंगवण्याचे काम एकट्या डॉम-झीरोकडे, म्हणजे बाकी सगळ्यांवर ताबा असलेल्या मुख्य व्यवस्थेकडे असते. बाकीच्या क्यूब्स, म्हणजे एकमेकांपासून वेगळी ठेवलेली आभासी मशीने, आपापल्या खिडक्या प्रोसेसरच्या जोरावर मेमरीत काढतात आणि डॉम-झीरो त्या पडद्यावर आणून ठेवते. कुठल्याही क्यूबला खरे कार्ड दिसतच नाही.

नवे लोक इथेच फसतात. साध्या लिनक्सवर करतात तसे ते डॉम-झीरोमध्ये ड्रायव्हर घालायला जातात, दोन-चार संध्याकाळी घालवतात, आणि ड्रायव्हर बसला तरी क्यूबमधले ब्लेंडर जागच्या जागीच. वाढणारच नाही वेग, कारण डॉम-झीरोतल्या ड्रायव्हरचा क्यूबशी संबंध नाही. ताकद क्यूबमध्ये हवी असेल तर अख्खे कार्डच त्या क्यूबच्या हवाली करावे लागते. हा लेख तेवढ्यासाठीच आहे.

उदाहरणे क्यूब्सच्या ४.२ मालिकेची आणि डेबियन १२ ची आहेत. कमांडची नावे इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत आणि, वेगळे सांगितले नसेल तर, लहान अक्षरांत टाइप करायची.

१. आधी गरज तपासा

तुमची अडचण डॉम-झीरोच्या पडद्याची असेल, म्हणजे इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी पडते किंवा डेस्कटॉप अडखळतो, तर मालकी, म्हणजे एनव्हिडियाचा बंद स्रोताचा, ड्रायव्हर हे त्यावरचे पहिले औषध नव्हे. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर काम भागते का ते बघा. कार्ड किंवा प्रोसेसर नवा असेल तर डॉम-झीरोमध्ये 'कर्नल-लेटेस्ट' हे पॅकेज घेऊन बघा. नूव्हो हा मुक्त ड्रायव्हरच बूट अडवत असेल, तर बूटच्या ओळीत 'नूव्हो.मोडसेट=०' हा पर्याय टाकून सिस्टिम वर येते का पाहा. बहुतेकांचे काम या तिन्हींपैकी एकात होते.

डॉम-झीरोत मालकी ड्रायव्हर घालणे अशक्य नाही, पण मी त्या वाटेला जा असे कुणालाच सांगणार नाही. ४.२ मध्ये डॉम-झीरो फेडोरा ३७ वर उभी आहे. त्या फेडोराची मुदत डिसेंबर २०२३ मध्ये संपली आणि ४.२ बाहेर आली तीही त्याच महिन्यात. म्हणजे बाहेरची पॅकेजे जुन्या फेडोरासाठी बांधलेली, आणि कर्नल मात्र क्यूब्सचा स्वतःचा, बराच नवा. दर कर्नल अपडेटला मॉड्यूल पुन्हा बांधायचे, तेही अशा ठिकाणी जिथे मुद्दाम नेटवर्क ठेवलेले नाही. शिवाय ज्या डॉम-झीरोच्या हातात सगळ्या क्यूब्सच्या चाव्या, तिथे बंद स्रोताचा मोठा कोड बसवायचा. मग क्यूब्स घेतलेच कशाला?

कूडावर (कार्डावर गणित चालवण्याच्या एनव्हिडियाच्या यंत्रणेवर) हिशेब, मॉडेल चालवणे, रेंडरिंग, व्हिडिओचे एन्कोडिंग यांतले काही करायचे असेल तर पुढे वाचा. नुसते व्हिडिओ गुळगुळीत दिसावेत एवढ्यासाठी हा उपद्व्याप करू नका.

२. हाताशी काय काय हवे

- दोन ग्राफिक्स: एक डॉम-झीरोसाठी (प्रोसेसरमधले चालते), दुसरे क्यूबला देण्यासाठी. एकच असेल तर इथेच थांबा. ते दिले की डॉम-झीरोचा पडदा गेला.
- बायोसमध्ये इंटेलवर व्हीटी-डी, एएमडीवर एएमडी-व्हीआय किंवा नुसते आयओएमएमयू या नावाची सोय (उपकरणांना मेमरीत ठरलेल्या हद्दीत ठेवणारी) चालू केलेली. डॉम-झीरोमध्ये 'क्यूब्स-एचसीएल-रिपोर्ट' चालवले की आयओएमएमयूपुढे काय लिहून येते ते कळते.
- बायोसमध्ये पहिला डिस्प्ले म्हणून प्रोसेसरमधले ग्राफिक्स निवडलेले, आणि केबल मदरबोर्डला.
- कुठल्याही लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह. तिसऱ्या पायरीत लागेल.
- डिस्कवर निदान ४० जीबी मोकळी जागा, कूडाची पूर्ण टूलकिट घेणार असाल तर त्याहून जास्त.
- ताजा बॅकअप, आणि हा मजकूर वाचायला दुसरे उपकरण. स्क्रीन काळी पडली तर याच मशीनवर काही वाचता येणार नाही.

लॅपटॉपवाल्यांसाठी वेगळी सूचना: पुष्कळ लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचे पोर्ट थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेले असते. कार्ड क्यूबला दिल्यावर त्या पोर्टवर डॉम-झीरोचा डेस्कटॉप दिसणार नाही. नुसत्या गणितासाठी त्याने काही अडत नाही, पण बाहेरच्या मॉनिटरवर काम करायची सवय असेल तर ते आधीच ध्यानात घ्या.

३. कार्डाचा पत्ता आणि त्याचे शेजारी

डॉम-झीरोच्या टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' चालवा आणि एनव्हिडिया असे लिहिलेल्या सगळ्या ओळी उतरवून घ्या. साधारण अशा दिसतात: ०१:००.० ला ग्राफिक्स, ०१:००.१ ला एचडीएमआयचा ऑडिओ. आरटीएक्स २० मालिकेच्या अनेक कार्डांवर यूएसबी-सीचे पोर्ट असते, तिथे ०१:००.२ आणि ०१:००.३ अशी आणखी दोन अंगे दिसतात. बिंदूनंतरचा आकडा म्हणजे एकाच कार्डाचे वेगवेगळे अंग. द्यायची तर सगळी अंगे एकत्र द्यायची; ऑडिओ मागे ठेवून नुसते ग्राफिक्स देण्यातून विचित्र अडचणी निघतात.

आता शेजारी. आयओएमएमयू उपकरणांचे गट करतो, आणि एका गटातली उपकरणे एकमेकांपासून खात्रीने वेगळी राखता येत नाहीत. कार्डाच्याच गटात डिस्कचा किंवा यूएसबीचा कंट्रोलर असेल तर कार्ड क्यूबला देणे म्हणजे कुंपणाला भगदाड ठेवणे. गंमत अशी की झेनखाली (आभासी मशीने चालवणाऱ्या क्यूब्सच्या तळाच्या थराखाली) चालणाऱ्या डॉम-झीरोत हे गट दिसत नाहीत. म्हणून लाइव्ह पेनड्राइव्ह. तिच्यावरून बूट करा, इंटेल असेल तर बूटच्या ओळीत 'इंटेल_आयओएमएमयू=ऑन' जोडा, आणि '/सिस/कर्नल/आयओएमएमयू_ग्रुप्स' या फोल्डरमध्ये कोणत्या क्रमांकाखाली कोणते पत्ते आहेत ते बघा. कार्डाच्या गटात कार्डाचीच अंगे आणि फार तर त्याच्या वरचा पीसीआय ब्रिज असेल तर उत्तम. भलतेच कुणी असेल तर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून पुन्हा बघा.

४. डॉम-झीरोपासून कार्ड लपवा

बूट होताना डॉम-झीरोने कार्ड ताब्यात घेतले की मग ते सोडवून घेणे कटकटीचे असते. म्हणून आधीपासूनच तिच्या नजरेआड ठेवायचे.

डॉम-झीरोमध्ये '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' ही बूटलोडरची, म्हणजे ग्रबची, फाइल उघडा. 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स' (हे नाव मोठ्या अक्षरांत असते) या ओळीत अवतरणचिन्हांच्या आत, शेवटी हे जोडा:

आरडी.क्यूब्स.हाइड_पीसीआय=०१:००.०,०१:००.१

पत्ते तुमचे, आकडे इंग्रजी, स्वल्पविरामाभोवती जागा न सोडता. खाली झेनसाठीची वेगळी ओळ असते, तिच्यात हे टाकायचे नाही. मग 'ग्रब२-एमकेकॉन्फिग' चालवून '/बूट/ग्रब२/ग्रब.सीएफजी' नव्याने लिहून घ्या. ४.१ मध्ये यूईएफआयवाल्यांची ही फाइल ईएफआयच्या फोल्डरात असे. जुन्या लेखांतला मार्ग आंधळेपणाने उतरवला तर बदल भलत्याच फाइलमध्ये जातो आणि काहीच घडत नाही.

रीबूट करा आणि 'एलएसपीसीआय -के' ने तपासा. कार्डाच्या ओळींखाली वापरात असलेला ड्रायव्हर म्हणून 'पीसीआयबॅक' दिसायला हवा. नूव्हो दिसला तर पत्ता चुकला, किंवा ग्रबची फाइल लिहिली गेली नाही.

या पायरीचा खरा सापळा मात्र पुढे कधीतरी उलगडतो. हे पत्ते कायमचे नसतात. नवी एनव्हीएमई डिस्क लावली, एखादे कार्ड काढले, बायोस बदलले की क्रमांक सरकू शकतात. काल जो पत्ता ग्राफिक्सचा होता तो आज डिस्कचा झाला, की डॉम-झीरो स्वतःचीच डिस्क लपवून बसते आणि मशीन उठत नाही. अशा वेळी घाबरून पुन्हा इन्स्टॉल करू नका. ग्रबच्या मेनूवर 'ई' हे अक्षर दाबा, ज्या ओळीत 'व्हीएमलिनझ' आहे तिथून हा पर्याय पुसा आणि कंट्रोल-एक्सने बूट करा. बदल तेवढ्याच बूटपुरता असतो, फाइल नंतर नीट करायची. म्हणूनच हार्डवेअरला हात लावण्यापूर्वी हा पर्याय काढून ठेवण्याची सवय बरी.

५. वेगळी क्यूब, तिच्या स्वतःच्या कर्नलसह

क्यूब मॅनेजरमधून नवी क्यूब करा. प्रकार स्टँडअलोन, म्हणजे टेम्प्लेटची नक्कल असलेली स्वतंत्र क्यूब. आधार डेबियन १२. साध्या अ‍ॅपक्यूबमध्ये ड्रायव्हर घातला तर तो पुढच्या बूटला नाहीसा होतो, कारण तिची रूट डिस्क दर वेळी टेम्प्लेटवरून नव्याने येते. टेम्प्लेटमध्येच घातला तर त्या टेम्प्लेटवरच्या सगळ्या क्यूब्सना तो उगाच चिकटतो. सेटिंगमध्ये सिस्टिम डिस्कचा आकार वाढवून घ्या.

आता कर्नल. क्यूब्समधली क्यूब एरवी डॉम-झीरोने पुरवलेला कर्नल वापरते. ड्रायव्हरचे मॉड्यूल मात्र ज्या कर्नलवर चालायचे त्याच्याच हेडर्सवर बांधावे लागते. तेव्हा क्यूबला डेबियनचाच कर्नल द्यायचा. क्यूब चालू करून आत ही पॅकेजे घ्या: लिनक्स-इमेज-एएमडी६४, लिनक्स-हेडर्स-एएमडी६४, ग्रब२ आणि क्यूब्स-कर्नल-व्हीएम-सपोर्ट. मग 'ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एक्सव्हीडीए' आणि 'अपडेट-ग्रब'. क्यूब बंद करा.

डॉम-झीरोमधून क्यूबच्या सेटिंगमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर जा आणि चार गोष्टी बदला:

- व्हर्च्युअलायझेशनचा प्रकार एचव्हीएम.
- कर्नल 'क्यूबने पुरवलेला' या अर्थाचा पर्याय. कमांडने करायचे असेल तर 'क्यूव्हीएम-प्रेफ्स' ला कर्नलची किंमत म्हणून रिकामी अवतरणचिन्हे द्या.
- मेमरी बॅलन्सिंगची खूण काढा. पीसीआय उपकरण असलेल्या क्यूबची मेमरी चालता चालता कमी-जास्त करता येत नाही.
- सुरुवातीची मेमरी २०४८ एमबी. कमी वाटेल, पण सध्या एवढीच राहू द्या.

कार्ड न जोडता क्यूब चालू करा आणि आत 'युनेम -आर' टाइप करा. उत्तराच्या शेवटी 'एएमडी६४' आले तर डेबियनचा कर्नल चालू आहे. त्यात 'क्यूब्स' हा शब्द दिसला तर अजून डॉम-झीरोचाच आहे, मागे जा. एका वेळी एकच बदल करून तपासायचे, हा नियम या सगळ्या कामात पाळा. कर्नल, कार्ड आणि ड्रायव्हर तिन्ही एकदम बदलले आणि क्यूब उठली नाही, तर दोष कुणाचा हे शोधता शोधता रात्र जाते.

६. कार्ड जोडा

क्यूब बंद असतानाच. डॉम-झीरोमध्ये 'क्यूव्हीएम-पीसीआय' नुसते चालवले की उपकरणांची यादी येते. यादीत पत्त्यातल्या विसर्गासारख्या चिन्हाच्या जागी अंडरस्कोर असतो: डॉम०:०१_००.०. यादीत जसे नाव दिसते तसेच्या तसे उचला. मग 'क्यूव्हीएम-पीसीआय अटॅच --पर्सिस्टंट' च्या पुढे क्यूबचे नाव आणि उपकरणाचे नाव. प्रत्येक अंगासाठी एकदा. ४.३ मध्ये उपकरणांची मांडणी नव्याने केली आहे. तिथे कायमच्या जोडणीसाठी 'असाइन' ही उपकमांड आहे.

क्यूब चालू करताना उपकरण रीसेट करता येत नाही, एफएलआर (उपकरणाचे एकेक अंग रीसेट करण्याची सोय) नाही, अशी तक्रार आली तर आश्चर्य नको. अनेक कार्डांना ती सोय नसते. उपकरण काढून '--ऑप्शन नो-स्ट्रिक्ट-रीसेट=ट्रू' सह पुन्हा जोडा. तरीही ड्रायव्हरला कार्डाशी नीट बोलता आले नाही तर 'पर्मिसिव्ह=ट्रू' हा दुसरा पर्याय आहे. हे दोन्ही पर्याय इंटरनेटवरच्या लेखांत सरसकट दिलेले दिसतात. दोन्हींनी संरक्षण थोडे सैल होते, म्हणून नडले तरच वापरा.

क्यूब वर आली की आतून 'एलएसपीसीआय' करा. कार्ड दिसेल, पण पत्ता वेगळा असेल; क्यूबच्या आतले क्रमांक स्वतंत्र असतात.

मेमरीचे कोडे इथे सुटते. कार्डाला स्वतःच्या संवादासाठी ४ जीबीच्या खालच्या पत्त्यांमध्ये मोकळी जागा लागते आणि क्यूबची रॅमही तिथेच मांडली जाते. रॅम जास्त दिली आणि जागा उरली नाही, तर क्यूब अडकते किंवा कार्ड दिसूनही ड्रायव्हर त्याला नाकारतो. २०४८ वर सगळे चालते आणि ८१९२ वर बंद पडते असे दिसले, तर ड्रायव्हर पुन्हा पुन्हा घालत बसू नका, दोष तिथे नाही. आधी कमी मेमरीवर सगळे चालवून घ्या, मग पायरीपायरीने वाढवा.

७. आता कुठे ड्रायव्हर

इतक्या तयारीनंतर मूळ काम अगदीच किरकोळ वाटते. '/ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट' मध्ये डेबियनच्या ओळींना 'कॉन्ट्रिब', 'नॉन-फ्री' आणि 'नॉन-फ्री-फर्मवेअर' जोडा. तिसरा विभाग डेबियन १२ पासून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या सूचना पाळणाऱ्यांचा तोच राहून जातो.

मग 'एपीटी अपडेट', आणि नुसते गणित करायचे असेल तर एवढेच घ्या: एनव्हिडिया-कर्नल-डीकेएमएस, एनव्हिडिया-एसएमआय, लिबकूडा१. सोबत '--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' द्या. सगळेजण 'एनव्हिडिया-ड्रायव्हर' हे मोठे पॅकेज घ्यायला सांगतात, पण त्यात पडद्याचा ड्रायव्हरही येतो, आणि तो क्यूब्सच्या खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेच्या पायात पाय घालतो. गणिताला तो लागतच नाही.

मॉड्यूल बांधायला काही मिनिटे लागतात. 'डीकेएमएस स्टेटस' मध्ये इन्स्टॉल्ड दिसेपर्यंत क्यूब बंद करू नका. नंतर क्यूब रीबूट करून 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवा. कार्डाचे नाव, तापमान आणि मेमरी असलेला तक्ता आला की काम झाले. नाही आला तर 'एलएसपीसीआय -के' बघा. नूव्होने कार्ड धरले असेल तर त्याला मॉडप्रोबच्या ब्लॅकलिस्टमध्ये टाका, 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' करा आणि पुन्हा बूट करा.

कार्ड कोणत्या पिढीचे आहे तेही बघा. डेबियन १२ मधला ड्रायव्हर ५३५ मालिकेचा आहे. आरटीएक्स ४० पर्यंत तो पुरतो. आरटीएक्स ५० ला किमान ५७० मालिका लागते, आणि त्यातही एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये खुली केलेली कर्नल मॉड्यूलच चालतात, जुनी बंद मॉड्यूल त्या कार्डांना ओळखत नाहीत. उलट खुली मॉड्यूल ट्युरिंगच्या (आरटीएक्स २० च्या पिढीच्या) आधीच्या कार्डांवर चालत नाहीत.

फेडोरा आवडत असेल तर आरपीएम फ्यूजनमधले 'एकेमॉड-एनव्हिडिया' घ्या. तिथे बांधणी पाठीमागे गुपचूप चालते, त्यामुळे लोक घाईने रीबूट करतात आणि मॉड्यूल अर्धवट राहते. 'मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया' (यातला एफ मोठा) ने आकडा दाखवला की मगच रीबूट.

८. खिडक्या उघडेनाशा झाल्या तर

क्यूब हिरवी दिसते, पण टर्मिनलसुद्धा उघडत नाही? क्यूबमधला एक्स सर्व्हर (खिडक्या काढणारा प्रोग्राम) नव्या कार्डाकडे धावला असणार. डॉम-झीरोमधून 'क्यूव्हीएम-कन्सोल-डिस्पव्हीएम' आणि क्यूबचे नाव द्या. खिडक्यांशिवाय थेट कन्सोल मिळतो. आत जाऊन '/ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ.डी' (एक्स११ मधला एक्स मोठा) मध्ये छोटी फाइल करा आणि 'सर्व्हरफ्लॅग्ज' विभागात 'ऑटोअ‍ॅडजीपीयू' बंद ठेवा.

खेळ किंवा थ्रीडी काम कार्डावरून पडद्यावर बघायचे असेल तर कार्डाच्याच पोर्टला दुसरा मॉनिटर आणि क्यूबमध्ये दुसरा एक्स सर्व्हर लागतो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. विंडोज क्यूबवाल्यांना एवढेच: आभासी मशीनमध्ये कार्ड चालू न देणारी कुप्रसिद्ध 'कोड ४३' ची अडवणूक एनव्हिडियाने २०२१ मध्ये ४६५ मालिकेपासून उठवली, तेव्हा आभासी मशीन असल्याचे लपवायच्या जुन्या युक्त्या आता करत बसू नका.

९. या क्यूबवर किती विश्वास ठेवायचा

कार्ड मेमरीला थेट हात घालू शकते. आयओएमएमयू त्याला क्यूबच्या हद्दीत ठेवतो. पण कार्डावर स्वतःचे फर्मवेअर असते, आणि क्यूब कुणी ताब्यात घेतली तर ते बदलण्याचा प्रयत्न होऊ शकतो. पुढच्या बूटला तेच कार्ड मशीनच्या यूईएफआयसमोर उभे राहते, डॉम-झीरो सुरू होण्याच्याही आधी. म्हणून या क्यूबला पासवर्ड, बँकेची कामे, खासगी कागदपत्रे यांपासून दूर ठेवा. मॉडेल आणि पॅकेजे उतरवून झाली की नेटवर्क काढून घ्या. फाइली द्यायच्या-घ्यायच्या त्या क्यूब्सच्या नेहमीच्या कॉपीनेच.

एकच कार्ड आलटून पालटून दोन क्यूब्सना द्यायचा मोह टाळा. रीसेट नीट होत नसेल तर पहिल्या क्यूबचा डेटा कार्डाच्या मेमरीत उरू शकतो. द्यायचेच असेल तर मध्ये मशीन पूर्ण बंद करा, नुसता रीस्टार्ट पुरत नाही.

१०. देखभाल, आणि परतीचा रस्ता

क्यूबमध्ये कर्नलचे अपडेट आले की डीकेएमएस मॉड्यूल आपोआप बांधते, फक्त हेडर्सचे पॅकेज काढलेले नसावे. डॉम-झीरोच्या अपडेटचा क्यूबच्या ड्रायव्हरवर परिणाम होत नाही. सगळी खटपट त्यासाठीच होती. मशीन झोपवण्यापूर्वी ही क्यूब बंद करा, जागे झाल्यावर कार्ड शुद्धीवर येईलच असे नाही. क्यूब बंद करून लगेच चालू केली आणि अडकली, तर मशीन एकदा पूर्ण बंद करून बघा.

सगळे उलटे करायचे झाले तर क्रम असा: क्यूब बंद करा, कार्डाची अंगे सेटिंगच्या डिव्हाइसेस टॅबमधून काढा, ग्रबच्या फाइलमधून लपवण्याचा पर्याय पुसा, 'ग्रब२-एमकेकॉन्फिग' पुन्हा चालवा आणि रीबूट करा. क्यूब लगेच डिलीट केली नाही तरी चालेल. कार्डाशिवायही ती साध्या डेबियनसारखी उठते.